ग्लोव्हची घडी, हाताची घडी

३ जून

काल संध्याकाळी आमच्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये बॅगवर क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ पंच, मारताना आमच्याकडच्या सगळ्यात लहान चणीच्या मुलीचं मनगट मुडपलं. हाड शाबूत आहे, पण सूज आहे. डॉक्टरांनी पाच आठवडे पंच मारायला मनाई केलीय. तिच्या हातात कपाटातला १६ औंसांचा ग्लोव्ह होता, आणि तो मीच दिला होता. औंस जास्त म्हणजे फोम जास्त, म्हणून सुरक्षित, असं नवीन मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. काल ते तिच्या बाबतीत सपशेल खोटं ठरलं.

सरांशी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांशी, बोलले. ते म्हणाले, "कपाट रिकामं कर. प्रत्येक जोडी बघ, प्रत्येकाचा हात बघ. मग मला सांग कुणी काय घालायचं." सामायिक वापराच्या जोड्या ११, नियमित येणारी मुलं-मुली १९. आजपासून जे करेन ते इथे लिहून ठेवणार.

४ जून

आधी वजनं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. त्या हिशेबाने ८ औंस २२७ ग्रॅम, १० औंस २८४, १२ औंस ३४०, १४ औंस ३९७ आणि १६ औंस ४५४ ग्रॅम. हा आकडा एका ग्लोव्हचा असतो, जोडीचा नाही. १९ पैकी ७ जणांना हे माहीत नव्हतं.

१६ छापलेल्या चार जोड्यांतला सगळ्यात हलका ग्लोव्ह ४३२ ग्रॅम भरला, सगळ्यात जड ४९७. एवढी तफावत बघून आधी काट्यावरच संशय आला. मग जड ग्लोव्हमध्ये हात घातला, तर अस्तर ओलं. सरावानंतर लगेच वजन करायला बसले होते. आजचे सगळे आकडे खोडते. दोन दिवस वाळवून परत.

७ जून

वाळवल्यावर तोच ग्लोव्ह ४७१ ग्रॅम. २६ ग्रॅम नुसता घाम, म्हणजे जवळजवळ एक औंस! आणि हा घाम अस्तरात आणि फोममध्ये मुरतो. ओला राहिलेला फोम लवकर दबून बसतो आणि वासही तिथूनच येतो. कपाटाचं दार सरावानंतर बंद करायचं नाही, असं आजपासून ठरवलं. वेल्क्रो उघडी, ग्लोव्हचं तोंड वासलेलं, पंख्याखाली. उन्हात नाही, चामडं कडक होऊन तडकतं.

कोरडी वजनं घेऊनही एकाच आकड्याच्या ग्लोव्हजमध्ये फरक राहिलाच. पण वजन हा माझा खरा प्रश्न नव्हे, हे आज ध्यानात आलं. ४५४ ग्रॅमचा ग्लोव्ह म्हणजे ४५४ ग्रॅम सामान. त्यातलं किती फोम, किती चामडं, आत हाताला जागा किती, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. बुटाचा नंबर पायाचं माप सांगतो, ग्लोव्हवरचा नंबर हाताचं माप सांगत नाही. आपण मात्र तो बुटाच्या नंबरासारखाच वाचतो.

८ जून

हातांची मापं. टेप तळहाताभोवती, अंगठा सोडून, नकल्सच्या (मुठीवर उंच दिसणाऱ्या, बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांच्या) जरा खालून, ज्या हाताने लिहितो त्या हाताची. टेप टेकलेला हवा, आवळलेला नको. आधी उघड्या हाताचं माप, मग पट्टी (ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळतो ती कापडी) बांधून. शिवाय मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेघेपर्यंत लांबी.

त्या मुलीचा हात १६.८ सेंमी, पट्टी बांधल्यावर १८.९. लांबी १६.२. सगळ्यात मोठा हात आमच्या हेवीवेट मुलाचा, २२.६ सेंमी, पट्टीसकट २५. लांबी २०.१. ही दोघं गेले सहा महिने आळीपाळीने एकच जोडी घालत होती.

पट्टीमुळे घेर दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढतो. म्हणून ग्लोव्ह उघड्या हातावर घालून बघण्यात अर्थ नाही. आमच्यातल्या बहुतेकांनी स्वतःचे ग्लोव्ह तसेच निवडलेत.

१० जून

आज फोमची जाडी. लांब जबड्याचा, सी आकाराचा कॅलिपर मिळाला. एक जबडा ग्लोव्हच्या आत, एक बाहेर, नकल्सवरच्या सगळ्यात जाड जागी. नव्यातल्या नव्या जोडीत ४४ मिमी, जुन्यात जुन्या जोडीत २९. दोन्हींवर १६ लिहिलेलं आणि दोन्हींच्या वजनात जेमतेम १० ग्रॅमचा फरक. फोम कुठे पळून जात नाही, तो आहे तिथेच बसतो. काट्याला ते कळत नाही.

मग अंगठ्याची चाचणी, जी सर न बोलता नेहमी करतात: नकल्सच्या जागी अंगठा जोरात रोवायचा, सोडायचा आणि बघायचं. चांगला फोम अंगठ्याच्या मागोमाग वर येतो. थकलेला फोम खळगा तसाच धरून ठेवतो, सावकाश भरतो. आणि अगदी गेलेल्या ग्लोव्हमध्ये अंगठ्याला आतल्या बाजूचं स्वतःचंच बोट लागतं. अशा तीन जोड्या निघाल्या. त्यातल्या एका जोडीत तर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकल्सवर नाण्याएवढे दोन खळगे कायमचे पडलेत. बरोबर मारणाऱ्या कुणाची तरी ती खूण. या तिन्ही जोड्या स्पारिंगमधून, म्हणजे आपसातल्या सरावाच्या लढतींतून, आजच काढल्या.

फोमचं काम काय, हे मुलांना सांगताना मी असं मांडते: मूठ थांबायला जेवढं अंतर मिळेल, तेवढा दणका कमी. तीच मूठ, तोच वेग, पण थांबायला १० मिमीऐवजी २० मिमी मिळाले तर सरासरी जोर निम्म्यावर येतो. पण फोम पूर्ण दबून तळाला लागला की उरलेला जोर सगळा एकदम हाडावर, आपल्याही आणि समोरच्याच्याही. म्हणून नुसता मऊ फोम फसवतो. हाताला छान लागतो आणि जोराच्या पंचला लगेच तळ गाठतो.

१४ जून

काढून टाकलेल्या तिनांपैकी एक जोडी सरांनी फाडायला दिली. उजवा ग्लोव्ह ४४६ ग्रॅम.

वर्तमानपत्र पसरून बसले. मनगटाच्या काठावरची पायपिंग (शिवलेली किनार) ब्लेडने उसवली, मग अस्तराचा टाका. तळहाताच्या बाजूने अस्तर बाहेर ओढताना एक जाड, बोटाएवढी गुंडाळी हाती आली, ती ग्रिप बार. मूठ वळताना बोटांना धरायला म्हणून ती आडवी शिवलेली असते. या ग्लोव्हमधली सरकून करंगळीच्या बाजूला गोळा झाली होती. म्हणजे हा ग्लोव्ह घालणाऱ्याची तर्जनी रिकाम्या जागेवर मिटत होती.

नकल्सचा फोम तीन थरांचा. बाहेरचा कडक, बारीक बंद छिद्रांचा, नख रोवलं तरी खूण लगेच जाते. मधला त्याहून नरम. हाताजवळचा पिवळा, स्पंजासारखा, आणि तोच सगळ्यात आधी मेलेला. चिमटीत धरला की त्याचा भुगा होऊन बोटांना चिकटत होता, जुन्या गादीतल्या स्पंजचा होतो तसा. कडक थर हिसका घेतो आणि दणका पसरवतो, मऊ थर हाताला जागा देतो. मऊ थर मेला की हात आत हलायला लागतो. फोम पातळ झाल्याने दणका वाढतो एवढंच मला माहीत होतं. आतली जागा वाढून मूठ सैल होते हे आज डोळ्यांनी पाहिलं.

सगळं वेगवेगळं तोललं. फोमचे सगळे तुकडे मिळून १९८ ग्रॅम. चामडं, अस्तर, पायपिंग, वेल्क्रो मिळून २४१. उरलेले दोऱ्यांचे तुकडे आणि कागदाला चिकटलेला भुगा. म्हणजे अर्ध्याहून कमी वजन फोमचं. हौशी स्पर्धांच्या ग्लोव्हजना नियम असा असतो की चामड्याचा भाग एकूण वजनाच्या अर्ध्यापेक्षा जास्त नको आणि भरणाचं वजन अर्ध्यापेक्षा कमी नको. सरावाच्या ग्लोव्हला हा नियम लागत नाही, पण तो का केला असेल ते आता नीट कळलं. जाड चामडं, रुंद वेल्क्रो, दुहेरी अस्तर लावूनही १६ औंस भरता येतात.

घोड्याच्या केसांचं भरण असलेले ग्लोव्ह मी एकदाच हातात घेतलेत. त्यात नकल्सवर भरण पातळ लागतं, केस दबून बाजूला होतात आणि मूठ जवळ वाटते. व्यावसायिक लढतींमध्ये तसे ग्लोव्ह अजून वापरात आहेत. रोजच्या बॅगसाठी किंवा शिकणाऱ्या मुलांच्या स्पारिंगसाठी ते नकोतच.

१५ जून

कालच्या ढिगातून काट्यावर बरोबर २८ ग्रॅम फोम वेगळा काढला. कारण सांगते.

१६ जून १९८३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लुइस रेस्टो आणि बिली कॉलिन्स ज्युनिअर या व्यावसायिक बॉक्सर्सची लढत झाली. रेस्टो जिंकला. संपल्यावर हात मिळवताना कॉलिन्सच्या वडिलांच्या हातात रेस्टोचा ग्लोव्ह आला, तेव्हा त्यांना तो पातळ लागला. ग्लोव्हजमधून भरण काढलेलं होतं, प्रत्येकातून साधारण एक औंस. कॉलिन्सचे डोळे कायमचे अधू झाले. तो पुन्हा कधी रिंगमध्ये उतरला नाही आणि पुढच्याच वर्षी मोटार अपघातात गेला. निकाल रद्द झाला. रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक पनामा लुइस दोघांनाही तुरुंगवास झाला.

एक औंस म्हणजे हा ढीग. माझ्या दोन ओंजळी भरतात. ८ औंसांच्या ग्लोव्हमध्ये तो एकूण वजनाचा आठवा हिस्सा, आणि निव्वळ भरणाच्या हिशेबाने त्याहून कितीतरी मोठा.

संध्याकाळी हा ढीग पेपरवर तसाच ठेवून मुलांना दाखवला. कुणीतरी विचारलं, "ताई, आपले बसलेले ग्लोव्ह पण असेच का?" तिथे मुद्दाम काढलं होतं, इथे आमच्या आळशीपणाने गेलंय, पण समोरच्याच्या डोक्याला फरक काय कळणार? मी हो म्हणाले.

१९ जून

आज सापडलं. जरा सविस्तर लिहिते.

बॅगवर खडूची पूड चोळली. त्या मुलीला पंच मारायचे नाहीत, म्हणून तिच्याच मापाच्या हाताची दुसरी मुलगी (पट्टीसकट १९.१) पुढे आली. तोच १६ चा मोठा ग्लोव्ह, हळू दहा क्रॉस. मग ग्लोव्हवर खडू कुठे लागला ते पाहिलं. नकल्सवरचा जाड भाग जवळपास कोरा. पांढरा डाग त्याच्या खाली, बोटांच्या मधल्या पेरांवर, जवळजवळ ३ सेंमी खाली. हेवीवेट मुलाने तोच ग्लोव्ह घालून मारलं तर डाग बरोबर नकल्सवर.

मग तिला मूठ भिंतीवर टेकवून हळूहळू जोर द्यायला सांगितलं आणि बाजूने फोटो काढला. कोपरापासून मनगटापर्यंतची रेघ आणि मनगटापासून नकल्सपर्यंतची रेघ एक हवी. तिच्या फोटोत मनगटाशी स्पष्ट कोन होता, मूठ आत झुकलेली. नुसत्या जोराने एवढी, तर पूर्ण क्रॉसला काय होत असेल?

कारण ग्लोव्हच्या घडीत आहे. ग्लोव्ह सपाट नसतो, त्याला कारखान्यातच मुठीचा बाक दिलेला असतो. बोटं कुठे दुमडायची, नकल्स कुठे येणार, मनगट कुठे वाकणार, हे सगळं त्या बाकात आधीच ठरलेलं. हात आत कुठवर जाणार हे अंगठ्याची खाच ठरवते. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी खाचेला टेकली की हात थांबला. लहान हात तिथे थांबतो तेव्हा बोटांची टोकं आतल्या शिवणीपर्यंत पोचतच नाहीत. बोटं आपल्या सांध्यात दुमडतात, ग्लोव्ह त्याच्या पुढे दुमडतो. दोन घड्या दोन ठिकाणी. नकल्स जाड भरणाच्या मागे राहतात, मार बोटांच्या पेरांवर येतो आणि तोच तरफेसारखा मनगट आत वाकवतो. वर वेल्क्रोचा पट्टा मनगटाच्या सांध्यावर न येता त्याच्या मागे, कोपराच्या बाजूला चढलेला. कितीही आवळला तरी सांधा मोकळाच.

म्हणजे पट्टा आवळ, मनगट ताठ ठेव, असं मी तिला ओरडून सांगत होते आणि ती ते करत होती. चूक तिच्या हातात नव्हती. हे तिला आज फोन करून सांगितलं.

ग्लोव्ह लहान पडला तर नेमकं उलटं: बोटांची टोकं शिवणीला रुततात, नखं दुखतात, बेचकी ताणली जाते आणि मनगटाचा सांधा पट्ट्याबाहेर उघडा पडतो. आमच्याकडच्या दोन मुलांच्या बाबतीत असंच आहे. ते तक्रार करत नव्हते, कारण घट्ट ग्लोव्ह चांगला असं त्यांना वाटत होतं.

२० जून

काडी घालून आतली जागा मोजली, अंगठ्याच्या खाचेपासून बोटांच्या शिवणीपर्यंत. १६ च्याच दोन जोड्यांत १.८ सेंमीचा फरक! तोच १२ च्या एका जोडीत आणि १६ च्या एका जोडीत काहीच फरक नाही. आता प्रत्येक जोडीच्या पट्ट्याच्या आत मार्करने आतली लांबी लिहिली. औंसाच्या आकड्याएवढंच मोठं अक्षर.

२१ जून

अंगठा. थोडक्यात, पण महत्त्वाचं. अंगठ्याचं टोक ग्लोव्हच्या मुख्य भागाला पट्टीने जोडलेलं हवं. सुटा अंगठा समोरच्याच्या डोळ्यात जातो, नाहीतर त्याच्या कोपरात अडकून आपलाच उलटा होतो. आमच्या एका जोडीची ही पट्टी तुटलेली आहे. मेणाच्या दोऱ्याने दुहेरी टाका घालून शिवली, पण ती जोडी स्पारिंगला द्यायची नाही.

मूठ वळल्यावर अंगठा आत कसा बसतो तेही हात घालून विचारायला हवं. अंगठा ताठ उभा राहत असेल तर ती खाच त्या हाताची नाही.

२४ जून

फाडलेल्या ग्लोव्हच्या जोडीदारात, म्हणजे डाव्यात, नवीन फोम भरायचा प्रयत्न केला. गेले तीन दिवस त्यात गेले.

पहिल्या खेपेला फोमच्या सपाट चादरीतून एकाच मापाचे तीन थर कापले, एकमेकांवर चिकटवले आणि आत सरकवले. मूठ वळली की आतला थर सुरकुत्या पडून नकल्सवर उभा राहायचा, बोटांवर वरवंटा ठेवल्यासारखं. मग कळलं: वाकवल्यावर बाहेरच्या थराला जास्त लांबी लागते, आतल्याला कमी. दुसऱ्या खेपेला प्रत्येक थर आतून बाहेर थोडा थोडा लांब कापला आणि मुठीच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर वाकवूनच चिकटवला. सुरकुत्या गेल्या. बाक छान आला. मला फार आनंद झाला.

पण अस्तर परत शिवताना ते आत पिळलं गेलं. अनामिकेच्या वर एक कड राहिली, साधारण ३ मिमीची. हाताला जेमतेम जाणवते. बॅगवर ती तीन राउंडनंतर हाड सोलेल. दोनदा उसवून पाहिलं, दोन्ही वेळा कड जागा बदलून परत आली. ग्लोव्ह उलटा करून, आतून बाहेर अशा क्रमाने शिवतात. आता बाहेरून आत तो क्रम उलटा फिरवता येत नाही.

सरांना दाखवला. त्यांनी हात घातला, मूठ वळली, काढला. "ठोकळ्यावरचं काम उत्तम आहे," म्हणाले. "पण कुणाला देऊ नकोस." बरोबर आहे. हा ग्लोव्ह आता मुलांना आतले थर दाखवण्यासाठी, एका बाजूने कापून ठेवला.

२८ जून

जोड्यांची वाटणी झाली. बॅगचे वेगळे, स्पारिंगचे वेगळे, आणि एकमेकांच्या जागी कधीच नाही. बॅग रोज शेकडो पंच घेते. त्याने फोम बसतो, कडक होतो. तोच ग्लोव्ह मग स्पारिंगमध्ये मित्राच्या कपाळावर. कपाटाच्या दोन कप्प्यांवर दोन रंगांच्या पट्ट्या लावल्या. स्पारिंगच्या कप्प्यात दर महिन्याच्या पहिल्या दिवशी अंगठ्याची चाचणी आणि कॅलिपर. जाडी ३५ मिमीच्या खाली गेली की जोडी कायमची बॅगच्या कप्प्यात. ३५ हा माझा आकडा आहे, सरांशी बोलून ठरवलेला.

स्पारिंगला साधारण ७० किलोंच्या वर १६, त्याखाली १४, असं इथे चालत आलंय. ते ठेवलं, पण घडी जुळत असेल तरच. १४ च्या आत घडी जुळत नसेल तर लहान कापाचा १४ शोधायचा. मोठ्या ग्लोव्हच्या आत दुहेरी पट्टी बांधून भागवायचं नाही. हा उपाय मी स्वतः वर्षभर केला होता. त्याने घेर भरतो, लांबी भरत नाही.

२ जुलै

मुलं स्पर्धेच्या आकड्यांवरून गोंधळतात म्हणून भिंतीवर लिहून लावलं. हौशी स्पर्धांत मुली-महिलांना १० औंस, पुरुषांना हलक्या वजनगटांत १० आणि वरच्या गटांत १२. व्यावसायिक लढतींत साधारणपणे वेल्टरवेटपर्यंत, म्हणजे ६६.७ किलोंपर्यंत, ८ औंस, त्यावर १०. हौशी लढतींना वेल्क्रो, व्यावसायिकांना लेस आणि वरून टेप.

हे आकडे लढतीचे आहेत, हाताचे नाहीत. सगळ्यांना सारखं भरण मिळावं म्हणून. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी ग्लोव्ह सक्तीचे केले तेव्हाही अट एवढीच होती की ते योग्य आकाराचे, उत्तम प्रतीचे आणि नवे असावेत. औंसांचा उल्लेखच नव्हता. 'नवे' हा शब्द मला फार आवडतो. दीडशे वर्षांपूर्वी कुणालातरी बसलेल्या भरणाची काळजी होती.

स्पर्धेआधीचे दोन आठवडे पॅडवर (सर हातात धरतात त्या गाद्यांवर) स्पर्धेच्याच वजनाचा ग्लोव्ह वापरायचा, हेही ठरलं. १६ ची सवय असलेला हात १० मध्ये लवकर पोचतो आणि गार्डमध्ये, म्हणजे हात वर धरून चेहरा झाकताना, फोम कमी मिळतो. दोन्ही गोष्टी हाताला आधी कळायला हव्यात.

५ जुलै

पट्ट्या. हॉलमधल्या निम्म्या मुलांच्या पट्ट्या अडीच मीटरच्या, लहान मुलांच्या मापाच्या. मोठ्यांना साडेचार मीटर लागते: मनगटाला तीन वेढे, नकल्सवर तीन, बोटांच्या मधून, परत मनगट. बोटं पसरून बांधायची. मूठ वळल्यावर पट्टी ताणली जावी, उघडल्यावर सैल व्हावी. बोटांची टोकं जांभळी पडली तर सोडून परत बांधायची.

हेवीवेट मुलगा करंगळीच्या नकलवर वेढाच घेत नव्हता. त्याला कापलेल्या ग्लोव्हमध्ये हात घालून दाखवलं, करंगळीच्या बाजूला भरण आधीच पातळ असतं. हूक (कोपर वाकवून बाजूने मारलेला पंच) चुकून तिथे बसला तर तळहातातलं पाचवं हाड त्याच्या मानेशी, म्हणजे नकलच्या जरा खाली, मोडतं. त्या मोडण्याला डॉक्टर बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. त्याने तिथल्या तिथे पट्टी सोडून नव्याने बांधली.

९ जुलै

त्या मुलीसाठी नवीन जोडी बघायला गेलो. मी, ती आणि तिची पट्टी. डॉक्टरांनी सोमवारपासून हलके पंच मारायला परवानगी दिलीय.

दुकानदाराने आधी वजन विचारलं, मग १४ काढून दिले. तिने पट्टी बांधली, ग्लोव्ह घातले. मी काडी आणली होती, पण तिची गरज पडली नाही. तीच म्हणाली, "ताई, बोटं पुढे पोचत नाहीत." दुसरा १४, जास्त अरुंद कापाचा. बेचकी खाचेला टेकली, बोटांची टोकं शिवणीला अलगद लागली, ग्रिप बार चारही बोटांखाली. तिने मूठ वळली. नवीन ग्लोव्ह कडक असतो, मूठ शेवटपर्यंत मिटायला जोर लागला, पण दुमडला तिच्या सांध्यातच. पट्ट्याची मधली रेघ मनगटाच्या हाडावर.

भिंतीवर मूठ टेकवून तिने जोर दिला. मी बाजूने फोटो काढला. रेघ सरळ.

मग तिने स्वतःहून ग्लोव्ह काढला, बाहेरून नकल्सच्या जागी अंगठा रोवला, सोडला आणि वाकून बघत राहिली, फोम कसा वर येतो ते. दुसऱ्या हाताचाही तसाच पाहिला. दुकानदाराला काट्यावर ठेवायला सांगितला: ३९९ आणि ४०१ ग्रॅम.

पट्ट्याच्या आत मार्करने तिच्या हाताचा पट्टीसकट घेर लिहिला: १८.९. औंस आधीच छापलेले आहेत.

सोमवारी बॅग. तीन राउंड, फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच), खडू लावून.